नायकाच्या हातचा गूळ

पुसद, २ जून

अतुलदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, पण बोरी अरबच्या पोस्टमनला कोण ब्लॉक करणार? फकिराभाऊ पत्र हातात दिल्याशिवाय अंगणातून हलत नाही, आणि चहा घेतल्याशिवाय तर नाहीच. तेवढ्या वेळात तू दोन ओळी वाचशीलच.

वर्ष झालं तू माझ्याशी बोलत नाहीस. नयनला आमच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही आणि तिथल्या प्रवेश विभागाची प्रमुख त्याची सख्खी आत्या, हे दोन्ही खरं. त्याच्या निवडीच्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन बसले हेही खरं, आणि तुला तेच खुपतं. "आत बसून एक शब्द टाकला असतास तर तुह्यं काय जात होतं?" असं तू विचारलंस. त्यावर आपण जे भांडलो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, ते आता परत नको. आज मी भांडायला बसलेली नाही. आज मला कुणाला तरी काहीतरी सांगायचंय, आणि लहानपणापासून अशा वेळी मी तुझ्याकडेच पळत आलेय.

हंगाम सुरू झाला, दादा! तुझी पेरणी आणि माझे प्रवेश दरवर्षी एकदमच अंगावर येतात. जागा चाळीस, आणि अर्ज इतके की टेबलाचं लाकूड दिसत नाही. राजूरच्या खाणकामगारांच्या पोरांचे आहेत, उमरखेडचे आहेत, आपल्या दारव्ह्याकडचेही आहेत. राहणं-जेवणं फुकट, फी नाही आणि वर विज्ञान शिकायचं, मग कोण सोडेल? परवा भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी मोफत टाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माह्या भावाची पोरगी हाय." मी जुडी परत तिच्या टोपलीत ठेवली. तिनं मेथीही परत घेतली, ती तर मी विकत घेतली होती!

मार्कांशिवाय आम्ही एकच प्रश्न विचारतो. घरात रोज दिसणारी अशी एक गोष्ट सांगा, जिचं कारण तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. बहुतेक पोरं मोबाइलवरून उतरवून काढतात. काल मात्र एक अर्ज वाचला आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. शिपाई धावत आला, त्याला वाटलं टेबलाखाली विंचू निघाला.

मुलीचं नाव संगीता धावजी राठोड. डोंगराकडच्या एका तांड्यावरची. तिच्या आजीच्या कांचळीला, म्हणजे चोळीला, आरसे लावलेले आहेत, काही चौकोनी, काही तिकोनी. सकाळी आजी अंगणात बसली की त्यांचे कवडसे भिंतीवर पडतात, आणि ते सगळे गोल. का? आरसा चौकोनी तर कवडसा गोल का? शाळेत विचारलं तर सर म्हणाले, परीक्षेला येत नाही. मग हिनं आजीला खाटेसकट पुढे-मागे सरकवून पाहिलं. भिंतीजवळ नेली की कवडसे चौकोनी, लांब नेली की गोल. दिवाळीतल्या ग्रहणाला ही नववीत होती. सगळे घरात दारं लावून बसले तेव्हा हिनं कांचळी पळवून बाहेर आणली, आणि भिंतीवरचे सगळे गोल एका बाजूनं कुरतडलेले! शेवटी तिनं लिहिलंय, "म्हणजे तो गोल आरशाचा नव्हताच. तो सूर्य होता. आमच्या भिंतीवर रोज शंभर सूर्य येतात आणि आम्ही त्यावर गोवऱ्या थापतो."

सांग, उठू नको तर काय करू?

तुझी (तू मान किंवा नको मानू)
अर्पू


पुसद, ९ जून

दादा,

काल तिच्या घरी जाऊन आले! वरच्या यादीत आलेल्या प्रत्येकाच्या घरी आम्ही दोघं जातो, घर बघतो, आईवडलांशी बोलतो. माझ्यासोबत भौतिकशास्त्राचे कपिल सर होते. नियम एकच, पाणी आणि चहा सोडून त्या घरातलं काही घ्यायचं नाही. काही घेतलं तर त्या पोराचा अर्जच बाद. हा नियम मीच लिहिलाय. तू आमच्या अध्यक्षांच्या, बापूजींच्या घरी आंब्यांची पेटी पाठवलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा त्या नियमाचा निम्मा मान तुझा आहे.

तांडा सुंदर आहे रे. आम्ही पोचलो तर अख्खी वस्ती संगीताच्या अंगणात. मला वाटलं काही कार्यक्रम आहे. कार्यक्रम आम्हीच होतो. मधोमध तांड्याचे नायक भावसिंगजी, पांढरं पागोटं, बाजूला चार म्हातारे पंच. संगीताचे वडील धावजी एका कोपऱ्यात उभे, आई मानीबाई दाराआड. आणि संगीता? लहानखुरी, दोन वेण्या, एका जागी उभी राहील तर शपथ. तिनं मला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेलं आणि कवडसे दाखवले. कपिल सर तिथेच गोवऱ्या ओलांडत अंतर मोजायला लागले. लोकांनी त्यांना वेडा ठरवलं असणार.

नायकांनी मला बरंच विचारलं. पोरगी किती वर्षं राहील, रात्री दाराला कडी कोण लावतं, जेवायला कोण वाढतं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी पोरीले नेता म्हणता. पक्कं?" मी म्हटलं, "आमची फार इच्छा आहे." त्यांनी पंचांकडे पाहिलं. गुळाची ढेप आली. नायकांनी स्वतःच्या हातानं फोडली, पहिला खडा माझ्या हातावर ठेवला, मग सगळ्यांना वाटला. बाया हसल्या, एक म्हातारी गाणंच म्हणायला लागली. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी आपल्या आईनंही आयुष्यभर दिलं. गूळ-पाणी म्हणजे पाणीच, असं धरून मी खाल्ला. कपिल सरांना गोड चालत नाही, त्यांनी खिशात टाकला. परत येताना त्यांच्या खिशात एवढ्या मुंग्या झाल्या की गाडी दोनदा थांबवावी लागली.

फक्त एक गोष्ट मला कळली नाही. निघताना संगीता डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, तुमी खाल्ला?" मी म्हटलं, "हो, छान होता." ती काहीच बोलली नाही.

अर्पू


पुसद, १४ जून

दादा,

आता मला कळलं ती का बोलली नाही. सकाळी तिचा ऑफिसात फोन आला. "मॅडम, तुमाले माहीत नोयतं का? आमच्यात नायकानं पंचाईसमोर गूळ फोडून देल्ला आन समोरच्यानं खाल्ला, का जबान झाली. सोयरीक अशीच होते आमची. मंग कोणी फिरू शकत नाही."

मी म्हटलं, अगं पण ही सोयरीक नाही, कॉलेज आहे! तर म्हणाली, "नायक म्हणते, पोरगी तांड्याबाहेर दुसऱ्याच्या घरी राह्यले जाते ते एकाच रस्त्यानं जाते. म्हून तसंच केलं." आपल्याकडचं गूळ-पाणी आणि त्यांचा गूळ, दिसायला एकच ढेप. मी इतकी शिकलेली बाई, आणि वर्षानुवर्षं तांड्याच्या वेशीवरून गेलेय, पण कधी विचारलं नाही.

पुढचं ऐक. धावजींकडे दिग्रसकडच्या तांड्यावरून एक स्थळ आलं होतं. त्यांनी त्या लोकांना निरोप धाडला, आमचा गूळ कॉलेजनं खाल्ला, आता पोरगी देता येत नाही. ते लोक रागावून दुसरीकडे गेले. संगीताला त्याचं सुखच झालं, पण तिच्या घराचं काय? आता आम्ही तिला नाही म्हटलं तर स्थळही गेलं, कॉलेजही गेलं, आणि तांड्यात धावजींचं नाक खाली.

कपिल सर म्हणाले, "मॅडम, गूळच तर होता. कुणाला कळणार?" मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग मला तू दिसलास. नयनसाठी जी बाहेर जाऊन बसली, ती आता एका गुळाच्या खड्यावर गप्प बसणार? मी सरळ बापूजींच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं.

बापूजींनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसतात तेव्हा बातमी वाईट असते. "अर्पिता, नियम तुझाच. अर्ज बाद." मी विनवलं, चूक माझी आहे, तिची नाही. ते म्हणाले, "गेल्या वर्षी आंबे धाडायची चूकही नयनच्या बापाची होती, नयनची नव्हती. तेव्हा तू मला हे सांगितलं नाहीस."

दादा, स्वतःच लिहिलेला नियम उलटून मलाच डसला. तुला हसायचं असेल तर हास. मला मात्र या पोरीची जागा अशी जाऊ द्यायची नाही, काही झालं तरी.

अर्पू


पुसद, १८ जून

दादा,

तांड्यावर जाऊन आले. एकटीच गेले. यावेळी अंगणात कुणी जमलं नव्हतं, बातमी आधीच पोचली होती. मी नायकांसमोर उभी राहून सांगितलं की मला तुमची रीत माहीत नव्हती, मी गूळ पाहुणचार समजून खाल्ला, आणि त्यामुळे संगीताचा अर्ज बाद झालाय.

धावजी मटकन खाली बसले. मानीबाई मात्र दाराआडून पुढे आल्या आणि मला असं काही सुनावलं की विचारू नकोस. "तुमी शिकल्या-सवरल्या बाया. खायच्या आंधी इचारता येत नोयतं? माह्या पोरीचं सपन काय तोंडात टाकाची वस्तू हाय?" मी मान खाली घालून ऐकलं. एकही शब्द चुकीचा नव्हता.

संगीता भिंतीला टेकून उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, माहा अर्ज गुळानं बाद झाला, का माहं उत्तर चुकलं म्हून?" मी म्हटलं, तुझं उत्तर तर आमच्या टेबलावर सगळ्यात वर आहे. ती नायकांकडे वळली. "नायकदादा, मंग गूळच काढून घ्या ना मधातून. मले असं नाही जाचं, का तुमी धरून देल्ली म्हून घेतली. मले विचारावं, मी सांगीन."

नायक कितीतरी वेळ काठीनं माती उकरत बसले. मला म्हणाले, "जबान मोकळी कराची त पंच बसते. असं उठून होत नाही." मग अगदी सहज विचारावं तसं त्यांनी माझं गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. मी म्हटलं बोरी अरब, तिथे भाऊ असतो, अतुल. त्यांनी मान हलवली. मला वाटलं म्हातारा विषय बदलतोय.

तुला खरं सांगू? परत येताना मी गाडीत मोठमोठ्यानं बोलत होते. त्या पोरीला काय म्हणावं! हातात आलेलं सोडून द्या म्हणते, मला विचारा म्हणते. मी तिच्या वयाची असताना असली हिंमत मला नव्हती.

अर्पू


पुसद, २३ जून

दादा!

काय केलंस तू हे!

थांब, क्रमानं सांगते. आज सकाळी आमच्या निवड समितीची बैठक होती. मी कोपऱ्यात कागद लावत होते, मला बोलायचा अधिकार उरला नव्हता. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. त्यातून भावसिंग नायक उतरले, मागे चारही पंच, मग धावजी. सगळ्यांचे कपडे लग्नाला निघाल्यासारखे. शिपायानं अडवलं तर नायक म्हणाले, "आमी भीक मांगाले नाही आलो. आमची वस्तू वापस न्याले आलो."

बापूजींनी सगळ्यांना आत बसवलं. नायक उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमनं आमच्या हातचा गूळ खाल्ला, ते जबान आज पंचाईच्या समोर मोकळी केली. तुमच्यावर आमचं काही नाही. पोरगी घ्या नाहीतर नोका घेऊ. फक्त तिले विचारा." धावजी हात जोडून म्हणाले, "सोयरीक गेली त गेली. पर माह्या छोरीले न विचारता नाही म्हनू नोका, सायेब."

बापूजींनी विचारलं, "नायकसाहेब, जबान सोडली तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. आमच्यावर एवढा भरवसा कसा टाकला?"

आणि नायक काय म्हणाले माहीत आहे? तुला माहीतच असणार! "आमच्यात पोरगी द्याच्या आंधी घर पाह्यते. आमची दोन माणसं बोरी अरबले गेलती, मॅडमचं घर पाह्याले. तिथं याईचा भाऊ भेटला. तो म्हणे, त्या बाईच्या नादी लागू नोका. सख्ख्या भाच्याले तिनं कॉलेजात घेतलं नाही. भावानं हात जोडले, आंबे धाडले, तरी बाहीर जाऊन बसली. दगड हाय दगड." मग नायक खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी त्या दोघाईले म्हटलं, बस. आता अजून काही पाह्याचं नाही. जे भावासाठी झुकली नाही ते आमच्यासाठी झुकू नोको, आन आमच्या इरोधात बी कोणाले झुकू देणार नाही."

मी लाल झाले, पांढरी झाले, शेवटी कागद तोंडापुढे धरले. दादा, तू मला शिव्या द्यायला गेलास आणि माझा जामीन होऊन आलास! असला जामीनदार मी हजार वर्षं शोधला असता तरी मिळाला नसता.

बापूजींनी पुन्हा चष्मा पुसला, पण यावेळी त्यांचेच डोळे पुसायला हवे होते. समितीनं ठरवलं ते असं. देणाऱ्यानंच सगळ्यांसमोर सोडलं म्हणजे आमच्यावर काही उरलं नाही. अर्ज पुन्हा उघडायचा, घरभेट दुसऱ्या दोघांनी करायची, मुलाखत इतरांसारखीच. आणि या वर्षीच्या निवडीतून अर्पिता बाहेर, सगळ्याच पोरांच्या. ती शिक्षा मला लागली, खोटं नाही सांगत. वर्षभर मी ज्या दिवसांची वाट बघते ते सगळे मी आता दाराबाहेर काढणार. पण योग्य आहे. न विचारता खायची सवय मला लागू नये.

अर्पू


पुसद, ५ जुलै

दादा,

मिळाली! तिला जागा मिळाली!

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते. आतून आधी कपिल सरांचा आवाज, मग बापूजींचं हसणं, जे मी या कॉलेजात कधी ऐकलेलं नाही. नंतर कपिल सरांनी सांगितलं. त्यांनी तिला विचारलं होतं, आरसा दाराएवढा मोठा असता तर? ती म्हणाली, "तर कवडसा दारासारखाच दिसला असता, सर. पर भिंत खूप लांब नेली, पार त्या डोंगरावर, त तिथं बी गोलच. जाऊन पाहू का?" आणि खरोखर उठून खिडकीशी गेली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, त्याईनं मले विचारलं." बस, एवढंच. निवड झाली की नाही याची तिला घाईच नव्हती. माझे मात्र निकाल लागेपर्यंतचे दिवस निखाऱ्यावर बसल्यासारखे गेले.

काल ती राहायला आली. नायक, धावजी, मानीबाई, सगळे पोचवायला. तांड्यावरून निघताना बायांनी ढावलो धरला म्हणे, पोरगी सासरी निघते तेव्हाचं रडणं. मानीबाई ओरडल्या, "पोरगी शिकाले चालली, रडता कायले?" आणि मग स्वतःच सगळ्यात जास्त रडल्या. वसतिगृहाच्या दारात त्यांनी माझा हात धरला. माझ्यावरचा राग पुरता गेला असेल असं नाही, पण हात बराच वेळ सोडला नाही.

सगळे जीपकडे गेले तेव्हा धावजी मागे रेंगाळले. म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट नायकानं त्या दिवशी सांगतली नाही. सायबाईसमोर बरी दिसली नसती. बोरी अरबले मीच गेलतो. तुमचा भाऊ तुमाले बोल बोल बोलला, पर आमाले चहा पाजल्याबिगर सोडलं नाही. आमी गाडीले किक मारली तवा मांगून आला. हळूच म्हणे, तुमी तिले आता पाह्यलं ना? बारीक झाली काय हो? कामाच्या नादात जेवत नाही ते, पयल्यापासून तशीच हाय. टायमावर जेवते का?"

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलं?

"मी म्हटलं, मले काय माहीत बाप्पा. बहीण तुमची हाय, तुमीच विचारा."

दादा, ते गेल्यावर मी ऑफिसात आले, दार लावलं आणि मनसोक्त रडले. वर्षभर मी समजत होते की तू मला तोडलंस. आणि तू तांड्यावरच्या परक्या माणसाला थांबवून माझ्या जेवणाची चौकशी करतोस!

त्यांना कशाला विचारतोस रे? मला विचार. हो, बारीक झालेय. टायमावर जेवत नाही, हंगामात तर अजिबात नाही. रविवारी मी बोरी अरबला येतेय. नयनलाही थांबायला सांग, त्याच्याशी मला स्वतः बोलायचंय. वहिनीला म्हणावं भाकरी दोन जास्त टाक. तुझा राग असू दे, मी सोड म्हणत नाही. बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त माझ्यासमोर बसून जेव.

तुझी
अर्पू